मान हलली

किल्लीला काहीतरी चिकटलेलं होतं... खिशात हात घातल्यावर बोटांना आधी गाडीची किल्ली लागली, रोजची, ओळखीची, आणि मग तिच्या लोखंडी कडीला घट्ट धरून बसलेली एक पट्टी—बोटभर लांब, पातळ, एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने रबरासारखी मऊ—आणि ती बाहेर काढायच्या आधीच विश्राम ठोसरला कळलं की ती काय आहे, कारण काल दुपारपासून तो ती विसरायचा प्रयत्न करत होता आणि आज पँट मात्र कालचीच चढवली होती. गिरावीन या परदेशी उपनगरातल्या आपल्या घराच्या दारात, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत, त्याने ती तळहातावर घेतली. लोहचुंबकाची पांढरी पट्टी. तिच्यावर जाड काळ्या अक्षरांत एकच नाव: टेवीटा.

"संध्याकाळी स्पृहाला ड्रमच्या क्लासला तू सोडतोयस ना?" चारुताने आतून विचारलं. ब्लॅकटाउनच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिची आठची शिफ्ट होती आणि तिघांचे डबे भरता भरताच ती दिवसाची सगळी कामं वाटून टाकायची.

विश्रामने मान हलवली.

"तोंडाने बोल. तुझ्या मानेवरून हो की नाही ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही."

"डॅड, यू डू दॅट टू एव्हरीवन," स्पृहा टोस्ट चावत म्हणाली. ती पंधरा वर्षांची होती आणि बापाच्या बाबतीत तिची सगळी मतं पक्की झालेली होती. "माय टीचर थॉट यू वेअर सेइंग नो."

"हं," तो म्हणाला, आणि दुसरा बूट शोधू लागला.

ती मान ठोसरांच्या घराण्यातच होती. वडिलांची तशी, आजोबांचीही म्हणे तशीच—होकाराची खाली-वर होणारी नाही, नकाराची आडवी फिरणारी नाही, खांद्यांवरच थोडी कलून इकडून तिकडे डोलणारी. आणि तिच्यात 'ऐकतोय', 'कळलं', 'बघू', 'तुमचंही बरोबर आहे' आणि 'आता विषय संपवा' हे सगळं एकदम मावायचं. साताऱ्यात, पुण्यात तिच्यापायी त्याचं काही अडलं नव्हतं. समोरचा आपल्या सोयीचा अर्थ घ्यायचा आणि दोघेही सुखाने जेवायला बसायचे.

गाडीत बसल्यावर पट्टी पुन्हा किल्लीच्या कडीलाच जाऊन बसली आणि रस्ताभर स्टिअरिंगखाली टकटक करत राहिली.

क्लबात त्याला विश म्हणत. विश म्हणजे इच्छा. आणि आपली इच्छा बोलून न दाखवणारा दुसरा माणूस त्या क्लबात नव्हता. रग्बी लीगच्या क्लबात एक संख्याशास्त्रज्ञ काय करतो हे त्याच्या गिरावीनमधल्या मित्रांना अजून नीट उमगलेलं नव्हतं; 'आयटीत आहे' असं म्हणून ते मोकळे व्हायचे. वडिलांना मात्र त्याने एकदा फोनवर सगळा खेळ समजावून सांगितला होता—तेरा-तेरा जण, अंगावर चिलखत नाही, चेंडू घेऊन धावायचं, समोरच्यांनी सहा वेळा आडवं पाडलं की चेंडू त्यांचा—तेव्हा वडील म्हणाले होते, "म्हणजे चेंडू घेतलेली कबड्डी. मग त्यात तुझं काम काय?" त्याचं काम म्हणजे कोणता मुलगा किती वर्षांत तयार होईल ते आकड्यांवरून सांगणं. आसपासच्या मैदानांवरून वेचलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं. त्यांची धाव, त्यांचे निर्णय, आणि दमल्यानंतरचे त्यांचे निर्णय... हा शेवटचा रकाना त्याने स्वतः घातलेला होता आणि मनातल्या मनात त्याला त्याचा अभिमान होता. टेवीटाच्या नावापुढे त्या रकान्यात त्याने आजवर कुणालाही दिला नव्हता असा आकडा होता. आणि अगदी कडेला, निष्कर्षाच्या जागी, दोनच शब्द: दोन वर्षं.

काल बुधवारी दुपारी मीटिंगरूममध्ये भिंतभर पसरलेल्या पांढऱ्या फळ्यासमोर पाच जण बसले होते. फळ्यावर संघातली प्रत्येक जागा, आणि प्रत्येक जागेखाली एकाखाली एक नावांच्या पट्ट्या—वरचा शनिवारी खेळणारा, खालचे वाट बघणारे. हाफबॅकच्या जागी, म्हणजे जिथे संघाचं डोकं असतं, चेंडू कुणाला द्यायचा, कधी, हाताने की पायाने, हे जो ठरवतो त्याच्या जागी, वरची पट्टी निघालेली होती आणि खाली टेवीटा होता, एकोणीस वर्षांचा, तीन वर्षं खाली थांबलेला. क्लबचा मॅनेजर ग्रेग याने खिशातून एक नवी पट्टी काढली. तिच्यावर एक मोठं नाव होतं. एकतीस वर्षांचं, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेलं, पण असं नाव की नुसतं छापलं तरी स्टेडियमच्या खुर्च्या भरतात. लीगच्या नियमाने संघाच्या एकूण पगाराला छत, म्हणजे कमाल मर्यादा, असतं. एवढं मोठं नाव आत आलं की त्या छताखालून दोन-तीन छोटी नावं बाहेर पडतात. ग्रेग वाईट माणूस नव्हता. गेल्या बारांपैकी नऊ सामने हरलेला माणूस होता.

"पोरगा चांगला आहे. विशचे आकडे मी वाचलेत," तो म्हणाला. "पण दोन वर्षं, मेट... मला दोन महिने कुणी द्यायला तयार नाही." मग एकेकाकडे बघत तो शेवटी विश्रामपाशी थांबला. "यू राइट विथ दॅट, विश?"

आणि मान हलली.

हलली... त्याने हलवली नव्हती, असं तो कालपासून स्वतःला सांगत होता. मराठीत ही एक मोठी सोय आहे. कप पडतो, काच फुटते, दूध उतू जातं, मान हलते—करणारा कुठेच दिसत नाही. "गुड मॅन," म्हणत ग्रेगने टेवीटाची पट्टी काढून टेबलावर टाकली आणि मोठं नाव जागेवर लावलं. चुंबकाचा टक् असा आवाज झाला, खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. विश्रामने आपलं पेन उचलताना ती पट्टीही उचलली. टेबलावर सांडलेलं तसंच टाकून उठू नये ही आईची शिकवण.

ऑफिसात शिरल्यावर समोर पहिली ईमेल तीच होती. कालच्या मीटिंगचा वृत्तान्त, चार ओळींचा. शेवटची ओळ: निर्णय सर्वांच्या संमतीने. त्याखाली, काही दुरुस्ती असल्यास बारा वाजेपर्यंत कळवावी. चार वाजता ग्रेग खेळाडूशी बोलणार आहे.

बारा वाजेपर्यंत. म्हणजे साडेतीन तास होते, आणि लिहायचं ते एकच वाक्य. सर्वांच्या संमतीने, एवढे शब्द जरी निघाले तरी ग्रेगला थांबावं लागलं असतं. खेळाडूला सोडताना त्या पाचांचं एकमत लागतं, हा त्यांच्या क्लबचा जुना नियम होता, एका हट्टी अध्यक्षाने कधीकाळी घातलेला. पाचांतला एक जरी नाही म्हणाला तरी गोष्ट महिनाभर पुढे जाते, आणि महिन्याभरात टेवीटा राखीव संघातून आणखी चार सामने खेळला असता... त्याने लिहायला घेतलं. 'माझ्या कालच्या प्रतिसादाचा अर्थ'—खोडलं. 'माझ्या मानेच्या हालचालीबद्दल थोडा गैरसमज झाला असावा'—हे वाचून त्याचं त्यालाच हसू आलं. ग्रेग हे वाचील आणि काळजीने त्याला फिजिओकडे पाठवील. मग त्याने नुसतं लिहिलं, 'मी सहमत नव्हतो.' तीन शब्द. त्यांच्यापुढे कर्सर उघडझाप करत राहिला, आणि तो चहा करायला उठला.

मी भित्रा नाही, चहाचं पाणी तापेपर्यंत त्याच्या मनात आलं. मी कधी कुणाला फसवलं नाही, कुणाचं घेतलं नाही. मला फक्त समोरचा माणूस प्रश्न विचारून थांबला की त्या थांबण्याची भीती वाटते. ती जागा कशाने तरी भरून टाकावीशी वाटते... आणि शिवाय माझाही करार ऑक्टोबरात संपतो आहे. हे शेवटचं वाक्य मनात आलं तसं त्याने ते घाईघाईने मागे ढकललं आणि कपात दूध जरा जास्तच पडलं.

अकराला दारावर दोन टकटक झाल्या. अशा दोनच टकटक करणारा एकच जण होता.

"अंकल," टेवीटाने दारातूनच डबा पुढे केला. "आईने पाठवलंय."

गेली तीन वर्षं दर गुरुवारी तो यायचा. सराव आणि जिम यांच्यामधल्या अर्ध्या तासात बाकीची मुलं फोन घेऊन गवतावर पडायची आणि हा इथे येऊन, एवढा आडदांड देह त्या ठेंगण्या स्टुलावर कसाबसा बसवून, आपल्याच खेळाचे तुकडे बघायचा. चुका आधी. "चुका आधी दाखवा, अंकल, म्हणजे जिममध्ये राग काढता येतो." अंकल हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, बेटांवरून आलेल्या त्याच्यासारख्या टोंगन घरांतही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. डब्यात तळलेले गोड गोळे असायचे. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा विश्राम चकित झाला होता; हे तर आपले गुलगुले. त्याने ते घरी नेऊन चारुताला चाखवले होते आणि पुढच्या गुरुवारी त्याच डब्यातून शंकरपाळे परत पाठवले होते. तेव्हापासून तो डबा कधी रिकामा फिरला नव्हता.

मानेची गंमतही याच खोलीतली. दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी त्याने विचारलं होतं, "अंकल, तुम्ही हे जे करता, हे येस असतं की नो?" विश्राम म्हणाला होता, "डिपेंड्स." पोरगा खोखो हसला. मग आरशासमोर, जिममध्ये, बसस्टॉपवर त्याने ती मान घोटून घोटून बसवली, आणि एका शनिवारी राखीव संघाच्या सामन्यात... विश्रामजवळ तो तुकडा अजून होता. चेंडू टेवीटाच्या हातात, समोर तिघे अंगावर येणारे, डावीकडे त्याचा जोडीदार धावत आलेला. आणि हा पठ्ठ्या त्या जोडीदाराकडे बघून ठोसरांची मान हलवतो. समोरचे तिघे क्षणभर गोंधळतात. जोडीदार मात्र सोबत राहतो, थांबत नाही, वळत नाही, आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू त्याच्या हातात पडतो.

"त्या खुणेचा अर्थ काय ठरवला होतात?" विश्रामने नंतर विचारलं होतं.

"अजून ठरलेलं नाही," टेवीटा म्हणाला होता. "अजून ठरलेलं नाही, पण माझ्यासोबत राहा. तोच अर्थ ना, अंकल?"

एवढा नेमका अर्थ त्या मानेला तीन पिढ्यांत कुणी दिला नव्हता.

आज तो स्टुलावर बसला, पण स्क्रीनकडे बघेना. "ग्रेगने चारला बोलावलंय," तो म्हणाला. "वरची जागा रिकामी झालीये ना... बॉइज म्हणतायत की मलाच सांगणार." मग आवाज खाली आणून, "चांगलं आहे की वाईट, अंकल?" आणि त्याने विश्रामच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मानेकडे पाहिलं.

विश्रामची मान जागच्या जागी ताठ झाली. ती हलू नये म्हणून त्याने टेबलाची कड धरली होती हे त्याच्या नंतर लक्षात आलं. मेलची खिडकी उघडीच होती, तीन शब्द स्क्रीनवर होते, पोराने नुसतं मान वळवून पाहिलं असतं तरी...

"चारला कळेलच," तो म्हणाला. "आज चुका बघायच्या?"

"आज नको," टेवीटा म्हणाला. "आज चांगलं दाखवा."

त्याने तो मानेचा तुकडा लावला. पोरगा गुडघ्यावर हात ठेवून, पुढे झुकून बघत होता आणि गालात हसत होता, आणि विश्रामला त्याचा पाठमोरा, घामाने ओला सदरा दिसत होता, आणि एकाएकी दुसराच एक सदरा... नाही, बनियन. आकडा सात. लाल मातीने पाठ भरलेली.

राघवची. विश्रामच्या धाकट्या भावाची. राघव साताऱ्यात शाळेकडून खो-खो खेळायचा. पायात काही नाही, गुडघे कायम फुटलेले, आणि एकदा उठला की त्याच्या हातून कुणी सुटायचं नाही. सोळाव्या वर्षी त्याला राज्याच्या शिबिराचं पत्र आलं. त्याच वर्षी डिप्लोमाची ॲडमिशन होती. विश्राम इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्ध्यात सोडून संख्याशास्त्राला गेलेला, घरात तेवढ्यावरूनच धाकधूक, आणि शनिवार-रविवारसाठी तो घरी आलेला असताना वडिलांनी पानावर बसल्या बसल्या विचारलं होतं, "विश्राम, तुला काय वाटतं? पुरे ना आता ते खो-खो?" राघव समोरच्या पानावर होता. भात कालवत होता. मान खाली होती, पण हात थांबला होता... आणि मान हलली. 'ऐकतोय' अशी. 'तुमचंही बरोबर आहे' अशी. वडील म्हणाले, "झालं तर. दादाचंही तेच मत आहे." राघवने भात संपवला, ताट उचललं. त्या बनियनचं पुढे वडिलांनी स्कूटर पुसायचं फडकं केलं.

आज राघव कराडला बँकेत आहे, दोन मुलं आहेत, पोट सुटलंय. एकदाच, व्हिडिओकॉलवर, हसत हसत तो म्हणाला होता, "दादा, त्या दिवशी तू हो म्हणालास की नाही, ते मला अजून कळलेलं नाही बरं का." विश्राम काय म्हणाला?  स्क्रीनवर त्याने मान हलवली. खो-खोत सगळं त्या एका शब्दावर असतं—पाटीवर वाट बघत बसलेल्याला मागून कुणीतरी खो द्यावा लागतो, त्याशिवाय त्याला उठता येत नाही. आणि त्याच शब्दाने, जरा क्रियापद बदललं की, एखाद्याच्या आयुष्यात खोही घालता येतो.

टेवीटा गेला. डबा टेबलावर राहिला. घड्याळात अकरा पन्नास, मग अकरा अठ्ठावन्न. पाठवायचं बटण निळं होतं. विश्राम त्याच्याकडे असा बघत होता जणू ते दुसऱ्या कुणीतरी दाबायचं आहे. मी आत्ता दाबतो. आत्ता. हे एक मनात म्हणून झाल्यावर... आणि मग त्याला टूवूंबा आठवलं, अगदी नको तेव्हा. चौदा वर्षांपूर्वी तो पुण्याहून, या देशात पहिल्यांदाच, तिथल्या विद्यापीठात आला तेव्हाची गोष्ट. कौशल्याच्या व्हिसावर, वयाचे गुण इतके, इंग्रजीचे इतके, अनुभवाचे इतके, बेरीज झाली, ये. विभागात एक तिथलीच मुलगी होती, ट्यूटर, जिला हळूहळू शिकवून त्या जागेवर आणायचं असं तिला सांगितलेलं होतं. विभागप्रमुखाला वाट बघायची नव्हती. तयार माणूस मिळत होता. तिने पहिल्या दिवशी त्याच्यासाठी केक आणला आणि विचारलं, "ही जागा माझ्यासाठी ठेवली होती, हे तुला सांगितलं का कुणी?" त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि... पुढचं सांगायला नको. तेव्हा मीही एक मोठं नावच होतो, त्याला वाटलं. गुडघे धड होते, एवढंच.

बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

त्याने मेल पुसली नाही, पाठवलीही नाही. ती मसुद्यांत जाऊन बसली.

चारला पाच कमी असताना ग्रेगने दारातून डोकं आत घातलं. "विश, तू टूवूंबाला होतास ना? तिथल्या क्लबात मी पोराची सोय केलीये, खालच्या दर्जाची लीग आहे, पण खेळायला मिळेल. तू जरा ये आत. त्याला सांग की गाव चांगलं आहे. तुझं ऐकतो तो."

विश्राम गेला. मान हलली की नाही ते आठवत नाही. पाय मात्र गेले.

सगळं सहा मिनिटांत झालं. ग्रेग चांगलं बोलला. खोटं काही बोलला नाही, हेच जास्त वाईट. टेवीटा सरळ बसून ऐकत होता, मोठे हात मांडीवर, आणि मधेच दोनदा "येस, सर" म्हणाला. "हा एकट्या माझा निर्णय नाही," ग्रेग म्हणाला, "आम्ही पाचही जणांनी एकमताने..." आणि तेव्हा टेवीटाने पाच हा आकडा ऐकला, आणि हळूच मान वळवून विश्रामकडे पाहिलं. रागाने नाही. चुकांचा तुकडा बघताना तो जसा बघायचा तसं, नीट, काय झालं ते समजून घेत.

ग्रेगने भुवया उंचावल्या. बोल, म्हणून.

"टूवूंबा चांगलं आहे," विश्राम म्हणाला. त्याचा आवाज त्याला लांबून ऐकू येत होता. "उंचावर आहे. थंडी असते. माणसं चांगली आहेत... बस फारशा नाहीत. गाडी लागते."

"मला गाडी नाहीये, अंकल," टेवीटा म्हणाला. तक्रार नव्हती. माहिती होती.

पार्किंगमध्ये विश्राम त्याच्या मागे जवळजवळ धावतच गेला. पोराने बूट एकमेकांना बांधून पिशवीला अडकवले होते आणि तो गेटकडे निघाला होता. बसस्टॉप रस्त्यापलीकडे होता. "टेवीटा," त्याने हाक मारली, आणि काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं म्हणून खिशातली किल्ली काढली, कडीवरून पट्टी ओढून सोडवली आणि पुढे केली. "हे... तुझं."

टेवीटाने आपलं नाव वाचलं. मग पट्टी परत त्याच्या हातात ठेवली. "ते फळ्याचं आहे ना, अंकल?"

"काल..." विश्राम म्हणाला. "काल मीटिंगमध्ये मला जे..." आणि वाक्य तिथेच राहिलं, कारण पोरगा थांबला होता, खरोखर ऐकायला थांबला होता, आणि विश्रामला तीच ती थांबलेली जागा पुन्हा दिसली आणि ती त्याने हाताला लागलं त्याने भरून टाकली. "यू ओके?"

टेवीटाने पिशवी खांद्यावर सरकवली, त्याच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

तशीच. हुबेहूब. खांद्यांवरच थोडी कलून, इकडून तिकडे. मग तो वळला आणि रस्ता ओलांडू लागला.

काय होतं तिच्यात? अजून ठरलेलं नाही, पण माझ्यासोबत राहा? की नुसतं, कळलं? की तुमचंही बरोबर आहे, अंकल, आता विषय संपवा? त्या सबंध शहरात ती मान वाचू शकेल असा एकच माणूस होता आणि त्याला ती वाचता येत नव्हती. तो तिथेच उभा राहिला. म्हणजे हे असं असतं तर, त्याला वाटलं, समोर उभं राहून त्या मानेकडे बघणं हे असं असतं. चारुता वीस वर्षं बघतेय, राघव सत्तावीस वर्षं बघतोय, भात कालवायचा थांबून... आणि तो गाडीला टेकला.

फोन वाजला. चारुता.

"साडेपाचच्या क्लासचं लक्षात आहे ना? सकाळी नुसतं हं केलंस."

त्याने मान हलवली. फोनवर.

"हॅलो? विश्राम? अरे, तोंडाने बोल."

रस्त्यापलीकडे टेवीटा स्टॉपच्या खांबाला टेकून उभा होता.

"मी हो म्हणालो होतो," विश्राम म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. गवतावरचे दोन पक्षी उडाले. "मान हलली नव्हती, चारुता. मी हलवली होती. मला सगळं कळत होतं आणि मी हो म्हणालो होतो."

पलीकडे लॅबमधल्या यंत्राची घरघर ऐकू आली.

"बरं बाबा, हो तर हो," चारुता म्हणाली. "सोड मग तिला वेळेवर. एवढं ओरडायला काय झालं?" आणि तिने फोन ठेवला.

विश्राम तसाच उभा होता. किल्ली हातात होती, आणि पट्टी केव्हाच परत तिच्या कडीला जाऊन बसली होती. स्टॉपवर टेवीटा रस्त्याकडे बघत होता. बस अजून आली नव्हती.